अकरावं कलम अन् तुमचं धोतर

सदर, नागपूर
रविवार, ९ डिसेंबर १९७३

तीर्थरूप मामाजी,

पायावर डोकं ठेवतो अन् पत्र वाचून होईपर्यंत उचलत नाही, काहून का तुमच्याकडे पाहून हे सांगाची माही हिंमत नाही. मामीजीले नमस्कार. त्यायच्या गुडघ्याले थंडीचं कसं आहे? बागेतला अंबिया संत्रा उतरला असन. काळी गाय व्याली का? इकडे मी मजेत आहो. (मजेत नाही. पण सुरुवातीलेच असं लिहिलं तर मामीजी रडाले लागतीन अन् पुढचं वाचणं राहून जाईन, म्हणून मजेत.) जेवण जात नाही, झोप येत नाही, अन् फाटकाजवळ कोणाच्या वाहाणा वाजल्या तरी मी दाराच्या मांगं सरकतो.

तुमचं कार्ड मंगळवारी भेटलं. दत्तोपंत वकिलायनं शेताच्या धुऱ्याचा, बांधाचा दावा जिंकून देला, अन् वरून खुशीनं येत्या शनिवारी आमच्या क्लबाच्या वार्षिक जेवणाले तुमाले पाहुणा म्हणून बलावलं, हे वाचून लय आनंद झाला. (पयल्या ओळीपर्यंत झाला. दुसऱ्या ओळीत तुमी लिहिलं का नागपुरी काठाचं नवं धोतर परटाकडे टाकलं आहे, अन् "आपला विस्या तिथं साहेबच आहे, तो दारात उभा राहीन मले घ्याले." मामाजी, मी दारात उभा राहीन हे खरं आहे. तेच तर सांगाचं आहे.)

काटोलात तुमी सगळ्यायले सांगता का भाचा क्लबात साहेब आहे. मी साहेब नाही. असिस्टंट सेक्रेटरी आहो, अन् तोही कच्चा. सहा महिने पाहून मंग पक्का करतीन. ते सहा महिने एकतीस तारखेले भरते. काम एकच. संध्याकाळी दारात उभं राहाचं अन् येणाऱ्याचे कपडे पाहाचे. मी येण्याच्या आधी हे काम नत्थूजी चौकीदार करत होता. बावीस साल केलं त्यानं. मी त्याले विचारलं, तू कोणाले अडवत होता गा? तो म्हणे, "जो पिऊन आला त्याले, अन् जो न पिताच भांडाले आला त्याले." बस. एवढाच नेम. क्लब मजेत चालला होता.

मंग मी आलो. आमचे सेक्रेटरी मेजर वामनराव (पलटणीतून रिटायर झाले, पण मिशा अजून नोकरीवर आहेत) पयल्याच दिवशी म्हणे, कपड्यायच्या नेमाची एक पाटी लिहून आण, चार ओळीची. चार ओळी! मले! मामाजी, तुमाले आठवते ना, तुमी मले इंग्रजी शाळेत घातलं तवा पयल्या दिवशी माह्या गळ्यातली टाय हातात धरून म्हणाले होते, "पोट्ट्याले दावं कायले बांधून राहिले हे? पळून जाते का?" तुमाले ते दावं दिसलं, मले तवापासून त्याचा नाद लागला. गणितात मी कधी पास झालो कधी नाही, पण कोट किती प्रकारचे, लॅपल म्हणजे कोणता भाग, वेस्टकोटाचं खालचं बटन काहून उघडं ठेवाचं, हे मले झोपेतून उठवून विचारा. इतके साल कोणी विचारलंच नव्हतं. मेजर साहेबायनं विचारलं, अन् मी रात्रभर बसून एकवीस कलमं लिहिली.

काय नाही लिहिलं मी! फॉर्मल म्हणजे काय, सेमी-फॉर्मल म्हणजे काय, कॅज्युअल म्हणजे काय अन् तो काहून चालत नाही. संध्याकाळी सहानंतर तपकिरी जोडा बंद, काळाच पाहिजे. (सहाले पाच कमी असताना आलेल्या माणसानं सहा वाजता काय कराचं, ते लिहाचं राहिलं, एक दात काढणारे डॉक्टर यावर माह्यासंगं अर्धा घंटा भांडले.) पायजमा बंद, काहून का विलायतेत तो झोपाचा कपडा. आता पायजमाही आपला अन् काळ्या सुटावर पोटाले बांधाचा कमरबंदही आपलाच. इंग्रज इथून घेऊन गेले, नावासकट. पण मी तेच दोन्ही त्यायचे म्हणून लिहून आणले, एक घालू नका म्हणून अन् एक घाला म्हणून. मेजर साहेबायनं पाटी पाहिली अन् विचारलं, "हे कुठून काढलं?" अन् मामाजी, इथं माहं तोंड आपोआप बोललं. मी म्हटलं, लंडनच्या एका जुन्या क्लबाचं नेमाचं पुस्तक आहे, त्यातून. असं पुस्तक मी पाहिलं नाही. ते आहे का नाही, तेही माहीत नाही. अर्धं शाळेत ऐकलेलं, अर्धं माह्या मनचं. मेजर साहेबायनं सही ठोकली, पाटी सागवानाच्या चौकटीत बसवली, अन् कमिटीसमोर माही पाठ थोपटली. ती थोपटलेली जागा अजून दुखते.

पयल्याच शनिवारी एका बँकेचे मॅनेजर आले. अंगात कोरा सफारी, चारी खिशाले झाकणं, कडक इस्त्री. आजकाल नागपुरात लग्नाले सफारी, हापिसाले सफारी, मयतीले जाऊन आलेला माणूसही सफारीतच दिसते. पण माह्या सातव्या कलमात सफारी कॅज्युअल, काहून का तो शिकारीचा कपडा. मी म्हटलं, सॉरी सर, हा कॅज्युअल आहे. ते म्हणे, "बाबू, हा कॅज्युअल नाही, हा सासऱ्यानं शिवून देला आहे." मांगं त्यायची बायको उभी. तिनं माह्याकडे जे पाहिलं ना! ते घरी गेले, लग्नातला सूट काढला, तो पोटावर लागेना, तो लागेपर्यंत दहा वाजले, अन् परत आले तवा पापड उरले होते. आता मी त्या बँकेसमोरून जातो तवा छत्री तोंडासमोर धरतो. डिसेंबरात. लोक आभाळाकडे पाहतेत.

मंग खापरखेड्याच्या पावर हाऊसचे एक इंजिनिअर आले. डूटीवरून सरळ, बुशशर्ट बाहेर. मी म्हटलं, शर्ट आत खोचा. गरीब माणूस, खोचला. पण बुशशर्ट खालून आखूड कापलेला राहते, हात वर केला का बाहेर येते. म्हणून त्यायनं हात खाली ठेवूनच जेवाचं ठरवलं. मंग मी म्हटलं, टाय. टाय नव्हती. अशा लोकायसाठी मी ड्रावरात दोन टाय ठेवतो. मी हौसेनं सोताच बांधून देली, डबल गाठीची. गाठ इतकी सुरेख बसली का मी दोन पावलं मांगं सरकून पाहत राहिलो. कटलेटच्या दुसऱ्या घासाले साहेबायचा चेहरा भरताच्या वांग्यासारखा झाला. मी धावलो, पण गाठ सुटेना. (शाळेत बांधाची परीक्षा होती, सोडाची नव्हती.) शेवटी नत्थूजीनं पाव कापाच्या सुरीनं टाय कापली. साहेब पाणी पेले, श्वास घेतला अन् मले म्हणे, "पोट्ट्या, आमच्या बॉयलरलेही वाफ सोडाले जागा ठेवतेत रे." सगळा हॉल हासला. मी नाही हासलो. माणूस मेला असता तर कोणत्या कलमाखाली मेला असता, हा विचार अजून जात नाही.

आता अकरावं कलम. दहा कलमं झाली होती, रात्र बाकी होती अन् मले थांबाचं नव्हतं. अकराव्यात मी लिहिलं: धोतर, लुंगी अन् वाहाणा घालून आत येता येणार नाही. सुवाच्य अक्षरात लिहिलं. मामाजी, लिहिताना मले तुमी आठवलेच नाही. सगळ्यात जास्त भेव मले हेच सांगाचं वाटून राहिलं होतं, ते सांगून टाकलं.

तवापासून रोज मले शनिवार दिसते. तुमी रिक्षातून उतरले. धोतर, वर काळा कोट, टोपी, हातात काठी. फाटकाजवळ मेजर साहेब पाहुण्यायले हात जोडून उभे, म्हणजे मले डोळे मिटून तुमाले आत सोडताही येत नाही. मी पुढं होतो अन् म्हणतो, सॉरी सर. तुमी म्हणता, "कोणाले सर म्हणून राहिला बे? आजारी आहेस का?" मी पाटी दाखवतो. तुमाले इंग्रजी येत नाही म्हणून तीच पाटी मीच तुमाले मराठीत वाचून दाखवतो. हे असं होते हो मामाजी, रोज होते! मंग तुमी म्हणता, "धोतरावर जेवण जात नाही म्हणते का ही पाटी? मंग आजवर मी काय उपाशी होतो?" अन् सफारीवाले मॅनेजर मांगून म्हणते, द्या उत्तर, आता द्या. अन् मंग तुमी पाठ फिरवता. माह्या बहिणीच्या, गोपिकाताईच्या लग्नात तिच्या सासरच्यायच्या एका शब्दावरून तुमी पंगतीतून उठले होते, पाच वर्षं झाली, त्या घरचं पाणी अजून पेले नाही. मले तुमच्या काठीचं भेव नाही. तुमी न बोलता परत गेले तर माह्या लग्नात माह्या मांगं मामा म्हणून कोण उभं राहीन?

अन् तुमाले सोडलं तर नोकरी जाते. कलम चुकलं म्हटलं तर मेजर साहेब पुस्तक दाखव म्हणतीन. कुठून दाखवू?

म्हणून काय कराचं ते मी खाली लिहितो, पत्रात लिहाची हिंमत झाली नाही. मामीजीले सांगा मी मजेत आहो. वडीलधाऱ्यायले नमस्कार, लहानायले गोड पापा.

तुमच्याच आधारानं वाढलेला अन् तुमाले भेऊन राहिलेला,
विश्वनाथ

ता. क. – पत्रासंगं यष्टीच्या कंडक्टरजवळ एक पार्सल पाठवून राहिलो. त्यात एक पँट आहे. करड्या रंगाची. सदरच्या टेलरनं माप मागितलं, मी हात पसरून अंदाजानं दाखवलं. तो म्हणे, "माणूस आहे का कणगी?" थोडी ढिली असन. आधी डावा पाय, मंग उजवा, समोरची बटनं खालून वर लावाची, एकही विसराची नाही. शुक्रवारपर्यंत घरात घालून फिरा. गाईजवळ एकदम जाऊ नका, ती ओळखणार नाही. मामीजी हासतीन, त्यायले हासू द्या. एका संध्याकाळचा प्रश्न आहे मामाजी. एवढं माह्यासाठी करा.

ता. क. दुसरा, सोमवार सकाळ – पत्र टाकलं नाही. रात्री पार्सल उघडून ती पँट खुर्चीवर टाकून पाहिली. तुमी त्यात काही केल्या दिसेना. कोणीतरी दुसराच माणूस माह्या खोलीत बसला आहे असं वाटलं. सकाळी हिंमत करून मेजर साहेबायकडे गेलो, म्हटलं अकरावं कलम काढू का? तर ते दोन पाहुण्यायले पाटीसमोर उभं करून सांगून राहिले होते, "धिस कम्स फ्रॉम लंडन." मी तसाच वापस आलो. पँट पाठवत नाही.

ता. क. तिसरा, अन् हेच खरं पत्र आहे – धोतरच नेसून या. चांगलं कडक, काठाचं. मी दारात सॉरी सर म्हणीन, मले ते म्हणाच लागते. तुमी थांबू नका. काठी आडवी धरा, मले बाजूले सारा अन् सरळ आत जा. मेजर साहेब तुमाले अडवणार नाही, पलटणीतला माणूस चालून येणाऱ्याले ओळखते. एक धोतर आत गेलं का मांगं दुसरं जाईन, मंग ते कलम कोणी वाचणार नाही, अन् कोणी लिहिलं हेही विचारणार नाही. नेम मोडला तो तुमी, मी तर अडवलं होतं, अशी माही नोकरीही वाचते. फक्त जरा हळू सारा, माह्या मांगं तीन पायऱ्या आहेत. अन् आत जाताना मले ओळख दाखवू नका. मी कोण तुमचा, हे तिथं कोणाले माहीत नाही.

ता. क. चौथा – कंडक्टर घंटी वाजवून राहिला आहे. वरचं "ओळख दाखवू नका" खोडाले वेळ नाही, ते खोडलं आहे असं समजून वाचा. फाटकातूनच "काहून बे विस्या" म्हणून हाक मारा. मोठ्यानं. नोकरीचं मंग पाहू.