शाबूत कानांचे कोल्हे

लालबाग, बऱ्हाणपूर
२२ सप्टेंबर १९५६

आलो बाप्पा एकदाचा! लालबाग स्टेशनाला इतकं लागून आहे की टांगेवाल्याने घोड्याला चुचकारलं आणि घर आलंसुद्धा. खोली ऐसपैस आहे, मागे विहीर आहे, आणि घरमालकीण गोदाबाई जेवणही देणार आहेत. मी कशाचा साहेब, असं त्यांनी आल्याआल्याच विचारलं. कोल्हे मोजायचा साहेब, असं मी सांगितलं, तर बाई इतक्या हसल्या की तव्यावरची भाकरी करपली. मला तीच वाढली, ते वेगळं!

हसू देत. खकनारकडच्या गावांत दोन वर्षांपासून पिसाळलेले कोल्हे माणसांना चावताहेत. लोकांनी रात्री शेतात निजणं सोडलं आहे. नागपूरच्या मोठ्या साहेबांना मी माझं गणित दाखवलं, तेव्हा त्यांनी मला इथे धाडलं. गणित अगदी सोपं आहे. पिसाळलेला कोल्हा मरण्याआधी दुसऱ्याला चावतो, म्हणून रोग चालू राहतो. कोल्हे इतके विरळ करायचे की त्याला चावायला दुसरा भेटूच नये. मग रोग त्याच्याबरोबर मरतो. सगळे कोल्हे मारायची गरजच नाही. किती मारायचे तेवढं काढलं की झालं, आणि ते मी काढलं आहे.

लीला म्हणते, हा माणूस वरणात मीठसुद्धा सरासरीने घालतो. ती आणि आमची चार वर्षांची पोट्टी, अलका, तिच्या आईकडे नागपुरातच आहेत. इथे बस्तान बसलं की डिसेंबरात येतील.

२९ सप्टेंबर

आज मला कडू मिळाला. मिळाला म्हणजे काय, घबाडच मिळालं! खकनारजवळच्या केळीच्या बागांचा हा राखणदार. दिवस मावळताना तो बांधावर उभा राहिला, तोंडाभोवती ओंजळ धरली आणि अशी काही कोल्हेकुई काढली की माझ्या अंगावर काटा आला. क्षणभर सगळं गप्प. मग नाल्याकडून एक टोळी ओरडली, तिच्यामागून टेकडीवरची, मग बागेच्या पलीकडची. कडू ऐटीत माझ्याकडे पाहत होता. एकेका टोळीची जागा मी नकाशावर मांडत गेलो. सरकारने मला जीप दिली नाही, पण कडू दिला. मी खूष आहे.

११ ऑक्टोबर

सापळ्यात सापडलेल्या कोल्ह्याच्या डाव्या कानाचं टोक कापायचं आणि त्याला सोडून द्यायचं, हे काम आता अंगवळणी पडलं आहे. पुढे विष घातल्यावर मेलेल्यांत कान कापलेले किती निघतात, त्यावरून एकूण किती होते ते कळतं. कडूची बायको मालूबाई मोठी फटकळ आहे. मी दिसलो की आले का कोल्ह्यांचे न्हावी, म्हणून ओरडते आणि वर विचारते, दाढीचे किती घेता? आज तिने भाकरी आणि ठेचा खायला घातला. डोळ्यांतून पाणी आलं, तरी मी दोनदा मागून घेतला.

२८ ऑक्टोबर

कुचल्याचं विष घातलेले मांसाचे गोळे टाकून झाले. मेलेले कोल्हे गाडीत भरून आणले. बहुतेकांचे कान कापलेले. आकडा माझ्या अंदाजाच्या इतका जवळ आला की मी बांधावरच टाळी वाजवली. संध्याकाळी कडूने हाक दिली. काही नाही. दुसरी दिली, तिसरी दिली. नाला गप्प, टेकडी गप्प. कडू म्हणाला, साहेब, सब खतम. त्याचा चेहरा जरा पडला होता. इतकी वर्षं त्याला कुणीतरी ओ देत होतं.

मी गावोगाव दवंडी पिटवली. कोल्ह्यांचं भय गेलं, लोकांनी खुशाल शेतात निजावं.

५ नोव्हेंबर

एक तारखेपासून आम्ही नव्या राज्यात आहोत. नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि मी भोपाळच्या हाताखाली. बायको एका राज्यात, नवरा दुसऱ्यात! कचेऱ्यांचं सामान अजून वाटून व्हायचं आहे, शाईच्या दौतीसाठीसुद्धा अर्ज करावा लागतो. पण मोठ्या साहेबांचं पत्र आलं. माझी योजना नव्या वरिष्ठांना पसंत पडली आहे. वर्षअखेर रोग संपल्याचा रिपोर्ट गेला की सगळा जिल्हा माझ्याकडे. बुधवारा बाजारातून दराबा मिठाई आणली आणि गोदाबाईंचं तोंड गोड केलं.

१० नोव्हेंबर

भर दुपारी एक तरणा कोल्हा केळीच्या खुंटांतून सरळ माझ्याकडे चालत आला. भ्यायला नाही. खालचा जबडा लोंबत होता आणि लाळ गळत होती. कुठेतरी उरलेला कुचला खाल्ला असणार, असं मला वाटलं. वय पाहावं म्हणून मी त्याचं तोंड उघडून दात पाहिले. अंगठ्याला जरासं खरचटलं. थोड्या वेळाने तो माझ्या पायाशीच मेला. दोन्ही कान शाबूत होते. असे थोडे राहणारच, ते हिशेबात धरलेले आहेत.

१३ नोव्हेंबर

कडू आला होता. मालूबाई शेतात कापसाच्या ढिगाशी निजली असताना काहीतरी तिच्या गालाला चावून गेलं. सुया घ्याव्या लागतील का, असं तो विचारत होता. इथल्या दवाखान्यात ते औषध संपलं आहे. खांडव्याला जावं लागेल आणि चौदा दिवस पोटात टोचून घ्यावं लागेल. मी म्हटलं, फिकर करू नको, रोग संपलाय, चावलं ते मुंगूस असेल, नाहीतर घूस. तो बिचारा निश्चिंत होऊन गेला.

माझ्या अंगठ्याचंही तेच. मी सुई टोचून घ्यायची म्हणजे माझं गणित खोटं, असं मीच कबूल करायचं! कंपाउंडर ते रजिस्टरात लिहिणार आणि रजिस्टर भोपाळला जाणार. छे.

२१ नोव्हेंबर

गेल्या आठवड्यात पाच मेलेले कोल्हे सापडले. एकाचाही कान कापलेला नाही.

संध्याकाळी कडूला हाक द्यायला लावली. नाल्याकडून ओ आली. टेकडीवरून आली. बागेच्या आतून, गावाच्या शिवेवरून, आमच्या पाठीमागून आली. सप्टेंबरात होत्या त्याहून जास्त टोळ्या. कडूला आनंदच झाला. मी नकाशा मिटून ठेवला.

आता कळतंय. मी बागा मोकळ्या केल्या, म्हणून सातपुड्यातले कोल्हे रिकाम्या घरांत भाडेकरू शिरावेत तसे शिरले. जागेसाठी रोज भांडतात आणि एकमेकांना फाडतात. कोल्हे विरळ झाले असते, तर चावे कमी झाले असते. पण चावे वाढले आहेत. माझ्या गणितात तालुक्याला कुंपण होतं. खरं कुंपण कुठेच नव्हतं.

रिपोर्ट लिहायला बसलो होतो. उद्या लिहीन. मालूबाईचंही उद्या बघतो.

९ डिसेंबर

कडूने बोलावणं धाडलं म्हणून गेलो. मालूबाई खाटेवर होती. तहान तहान करत होती. कडूने लोटा पुढे केला आणि नुसतं पाणी पाहून तिचा गळा आवळला, मान मागे गेली, तोंडातून घोगरा आवाज निघाला. कुणीतरी दार उघडलं, तर त्या वाऱ्यानेसुद्धा तसंच झालं. मधेच ती शुद्धीवर यायची आणि लेकरांना बाहेर न्या म्हणायची.

गावातले म्हणत होते, कोल्हा चावलाय. कडू त्यांच्याशी भांडत होता. कोल्हा असूच शकत नाही, साहेबांनी हिशोब केलाय, ही बाहेरची बाधा आहे. भगत बोलावला. त्याने तिला निंबाच्या डहाळीने मारलं. मी तिथेच उभा होतो. लाज वाटते. त्याहून जास्त भीती वाटते.

११ डिसेंबर

मालूबाई गेली.

मी खांडव्याला गेलो. डॉक्टरांनी विचारलं, कधी खरचटलं? मी तारीख सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, घ्या, घ्यायला हरकत नाही. औषध घेऊन परत आलो. इथला कंपाउंडर रोज टोचणार आहे.

कडूला सगळं खरं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. यापुढे कोणाला चावलं तर काय करायचं, एवढंच त्याने विचारलं. लगेच खांडवा, असं मी सांगितलं. तो उठला आणि तसाच पुढच्या गावाकडे निघाला. माझ्याकडे पाहिलं नाही त्याने.

१६ डिसेंबर

पोट सुजलंय. कुशीवर वळता येत नाही. लीलाला तार केली, येऊ नका. कारण लिहिलं नाही. काय लिहिणार?

भूक लागते. झोप येते. म्हणजे ठीक आहे. ठीक असेल.

१९ डिसेंबर

अंगठ्याला मुंग्या. जखम कधीच भरलीय. आतून खाज — कोपरापर्यंत. सुयांमुळे असेल.

सुया पोटात आहेत. मग अंगठा का?

२१ डिसेंबर

गोदाबाईंनी चहा आणला. कप तोंडाशी नेला आणि — गळा. आपोआप. कप फुटला. त्या म्हणाल्या, भाऊ, ठसका लागला का? मी हो म्हटलं.

मागे विहिरीवर रहाट फिरतोय. त्या आवाजाने सुद्धा.

अलकासारखं रडलो मी आज. मला मरायचं नाही हो —

२२ डिसेंबर

लीलाची तार. तुम्ही कारण लपवता, निघालो.

निघालो म्हणजे — गाडी उद्या सकाळी. थांबवायला कुणी नाही. कारण लिहिलं असतं तर —

गोदाबाईंना सगळं सांगितलं. कुलूप बाहेरून लावा. किल्ली फक्त डॉक्टरांना. मी ओरडलो, रडलो, शपथ घातली तरी उघडायचं नाही. त्या पदर तोंडाला लावून गेल्या. कुलूप वाजलं. बरं वाटलं.

मधेच राग येतो. कुणाचा, माहीत नाही. दात आवळले जातात. मालूबाई म्हणाली होती, लेकरांना बाहेर — आता कळतं का ते.

२३ डिसेंबर

उजेड टोचतो. लाळ गिळता येत नाही — कागदावर पडते.

गोदाबाई डॉक्टरांना आणायला गेल्यात.

टांगा.

लीलाचा आवाज. अहो, दाराला कुलूप का? आत आहात ना? — बोलायला गेलो. आवाज माझा नाही. मालूबाईचा तो — घोगरा — ती घाबरली.

दोघी खिडकीशी आल्या. अलकाने ओळखलं. हसते. बाबा, बाबा.

जाळीतून बोटं आत घातलीत तिने. हलवून दाखवते. पकडा म्हणते.

मी पाठ भिंतीला — टेबल मधे ओढलं — हात टेबलाला धरून — लिहितोय म्हणजे हात इथे आहेत —

लीला, उचल तिला. उचल. आवाज निघत नाही —

टेबल सरकतंय. मीच —

इवली बोटं — माझं तोंड