एका गाण्यात सुधारणारा नवरा

तेनाली, मंगळवार दुपार

वडीलधारे मेहुणे बावगारू कोटिलिंगम यांना पिच्चय्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला? (मी ठणठणीत आहे. कुणी विचारलेलं नाही, तरी सांगून ठेवतो.) तुमची बहीण मंगतायारू, म्हणजे माझीच बायको, तीन वर्षं तुमच्याकडे आहे, पण तिची खुशाली मला कुणी कळवत नाही.

गेल्या महिन्यात इथल्या टॉकीजमध्ये एक कौटुंबिक चित्रपट लागला. त्यातला नवरा पत्त्यांपायी घराची धूळधाण करतो, मग एका गाण्यात सुधारतो आणि बायको त्याला दारात ओवाळते. मी इतका मोठ्याने रडलो, की पुढची बाई वळून म्हणाली, “अहो पेद्दायना, आजोबा, रडा, पण बेताने. ते काय बोलतायत ऐकू येईना!” तरी चार वेळा पाहिला (सुधारायची रीत पाठ व्हावी म्हणून). पत्ते बंद केले. स्वतः पप्पू शिजवला. डाळ कच्ची राहिली आणि भांडं करपलं. हल्ली जेवताना मी भांड्यालाच “वाढ” म्हणतो, मग स्वतःच वाढून घेतो.

शेवटी परवा बापट्ल्याला तुमच्या घरी आलो. कडक इस्त्रीचं धोतर नेसलो, चष्मा खिशात ठेवला (चित्रपटातल्या नवऱ्याला चष्मा नव्हता). दारात बाई दिसली तशी पायावर पडलो, “मला क्षमा कर!” ती किंचाळली, “अय्यो, मी शेजारची! गोंगुऱ्याची भाजी द्यायला आलेय. उठा, कंबर धरेल!”

मग मंगतायारू बाहेर आली. इथे चित्रपटात व्हायोलिन वाजतात. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “चपला बाहेर काढा. अन्नय्या शेतावर गेलाय.” (अन्नय्या म्हणजे तुम्ही, तिचे थोरले भाऊ.) ताक आणून दिलं, आलं-कढीपत्ता घातलेलं. “किती वाळलात” म्हणेल असं वाटलं. “पेला तिथेच ठेवा” म्हणाली आणि आत गेली. गाडीची वेळ होईपर्यंत मी ओट्यावर बसलो. जे बोलायला आलो होतो ते तोंडातच राहिलं. ते तसंच घेऊन परत आलो.

तुमचा (अजून तरी) मेहुणा,
पिच्चय्या

ता. क. : पत्ते बंद केले म्हणालो, त्यात माझं कर्तृत्व थोडं. एक गडी वारला, एक मुलाकडे विजयवाड्याला गेला, तिसरा माझ्याशी बोलत नाही.

ता. क. दुसरा : तुमच्या आई अत्यवस्थ असल्याची तार उशिरा मिळाली, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. तार सकाळीच आली होती. ती खिशात घालून मी डाव पुरा केला. आम्ही संध्याकाळी पोचलो तेव्हा त्या गेल्या होत्या. बाराव्यानंतर मंगतायारू माझ्याबरोबर आली नाही. का, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तिला वाचता येत नाही. तेव्हा एवढंच तिला वाचून दाखवा. वरच्या गमती गाळा. ती काही बोलली तर जसंच्या तसं लिहून पाठवा, शिवी असली तरी.