झाकणावरचा स्क्रू

नाहूर,
गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४

चि. प्रांजलला काकाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुझ्या काकूचा गुडघा तेवढा कुरकुरतो, आणि गुडघ्यापाठोपाठ काकूही. तुझ्या आईला आशीर्वाद सांग. हे पत्र आमच्या देवेशच्या हाती मनोरीला धाडतोय. फोन असताना म्हातारा पत्रं काय लिहितो म्हणून हसशील. हस.

मंगळवारी तू फोनवर म्हणालीस, "काका, बाबांच्या होडीचं इंजिन झकास सुरू होतं, पाच मिनिटं चालतं आणि बंद पडतं. रविवारी होडी बाहेर काढायचीय, काहीतरी सांग ना!" माझा चहा बशीत सांडला. "माझं पत्र येईपर्यंत धक्क्याची दोरी सोडायची नाही," एवढं ओरडून मी फोन ठेवला.

तर बघ. पेट्रोल जुनं असेल तर काढून टाक, ऑइल मिसळलेलं ताजं भर. प्लग काढून पूस. थंड इंजिनाला चोक दे, पेटलं की चोक आत ढकल. आणि तुझ्या बापासारखी उतावीळपणे दोरी ओढत बसू नकोस.

हे सगळं लिहिलं खरं, पण यातलं काहीच बिघडलेलं नाही. मला फोनवरच कळलं होतं.

टाकीच्या झाकणावर छोटा स्क्रू आहे. तो सैल केला की टाकीत हवा शिरते. आवळलेला राहिला तर इंजिन पाच मिनिटं चालतं, मग पेट्रोल येईनासं होतं आणि नळीतला रबरी फुगा चपटा पडतो. गेल्या आठवड्यात टाकी टेम्पोतून मीच पाठवली. रिकामी होती, तरी सवयीनं स्क्रू आवळला. सात वर्षांनी पुन्हा तेच केलं गं मी.

तुझा बाप नंदू आणि मी, आमची एक रीत होती. टाकी मी इथून भरून मार्वेच्या धक्क्यावर न्यायचो. रिक्षात सांडू नये म्हणून स्क्रू आवळायचो आणि टाकीच्या कडीला लाल चिंधी बांधायचो. चिंधी दिसली की नंदू स्क्रू सैल करायचा. चिंधी नसली की बघायचाही नाही, इतका त्याचा माझ्यावर भरवसा. त्या सकाळी मी चिंधी बांधायला विसरलो. ती खिशातच राहिली.

तो खाडीच्या तोंडाशी पोचला असेल तेव्हा इंजिन थांबलं. ओहोटी होती.

दुसऱ्या दिवशी रिकामी होडी ओढून आणली, तेव्हा आधी मीच तिच्यात चढलो. फुगा चपटा होता. कुणी बघायच्या आत मी स्क्रू फिरवला आणि टाकीनं सूं करून हवा आत घेतली. मग वळून सगळ्यांना म्हणालो, "जुनंच पेट्रोल भरलं यानं. आळशी कुठला." तुझ्या आईनं ते खरं मानलं. बाबा आळसापायी गेले, हे ऐकत तू मोठी झालीस. खोटं आहे ते. मी रचलेलं.

तो सूं आवाज जात नाही. सोड्याची बाटली उघडली तरी दचकतो. टाकी सात वर्षं माझ्या माळ्यावर होती. दुपारी पत्रा तापला की वरून खट् व्हायचं आणि मी उगाच "आलो, आलो" म्हणायचो. काकूला वाटतं, मला कमी ऐकू येतं.

हे फोनवर सांगितलं नाही, कारण तू मध्येच "असू दे काका" म्हणाली असतीस. तसं म्हणू नकोस. आईला हे पत्र मोठ्यानं वाचून दाखव. मग तिला टाकीजवळ उभी कर आणि स्क्रू सैल कर. तिलाही तो आवाज ऐकू दे.

सोबत चिंधी पाठवतोय. तीच आहे, त्या दिवशीची.

नंदूचा भाऊ,
शिवदास