घायपाताची अकरा पानं

कार्तिक शुद्ध ३, शके १७८६. उमरावती.

अकोल्याहून तीन दिवस बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेऊन आज दुपारी पोहोचलो. बसायला कापूस, उशाला कापूस, नाकात कापूस. तिकडे अमेरिकेत गोरे आपापसांत लढतात आणि इकडे कापसाचे भाव चढून वऱ्हाडातल्या प्रत्येक बोंडाला शिंगं फुटली आहेत. वाटेत एका बैलाच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या पाहिल्या. धन्याच्या पायांत मात्र वहाणा नव्हत्या.

मालक कापूस खरेदी करणारा साहेब, मी त्याचा नवा मोडीलेखक. पुण्यात पंचेचाळीस वर्षं जिभेने माणसं तोडली, आता उजव्या हाताने पोट भरायचं. बंगला ऐसपैस, विहीर गोड, बोलणी खाणारं कुणी जवळ नाही एवढीच उणीव. साहेब उद्या मुंबईला जातो, पौर्णिमेला परत. एकच काम सांगून ठेवलं: व्हरांड्यातल्या कुंडीतला घायपात. मयत मडमेने लावलेला. पानं लोंबली आहेत. म्हणाला, परत येईन तेव्हा ताठ दिसली तर तुझी नोकरी पक्की, नाही तर पुण्याची वाट धर. चाळीस वर्षं मोडी गिरवली ती झाडाच्या मर्जीवर जगण्यासाठी!

शुद्ध ४

पानं मोजली. अकरा. मधलं तेवढं ताठ. बाकी दहा मानपान न मिळालेल्या जावयासारखी मान टाकून बसलेली.

माळी नत्थुजी आला. माझ्याच वयाचा, माझ्याइतकाच फटकळ, म्हणून लगेच पटलं. म्हणाला, आधीच्या कारकुनाने कपाशीच्या वावरातली काळी माती कुंडीत भरली आणि वर रोज घागरभर पाणी. “काळी माती कपाशीले अमृत, पंत, अन याले जहर. मुळं सडली. तुमी शिकले-सवरले लोक झाडाले बी जेवू घालून मारता.”

कुंडी उपडी केली. सडकी, काळी मुळं त्याने विळ्याने छाटली आणि रोप सावलीत सुकत टाकलं. वास दोन दिवस नाकातून जाणार नाही.

शुद्ध ६

मुरूम आणि रेती घालून रोप पुन्हा बसवलं. पाणी बंद. मी विचारलं, पानं कधी उठतील? नत्थुजी हसला. लोंबलं ते लोंबलं. नवं पान येईल तेच ताठ येईल, दोन महिने धीर धरा. म्हटलं, साहेब नऊ दिवसांत येतो. तर म्हणे, “मंग साहेबाले सांगा, झाड तुमचा नोकर नाही.” सांगतो! नोकरी याची थोडीच जायची आहे.

शुद्ध ७

युक्ती सुचली. प्रत्येक पानाशेजारी बांबूची कामटी रोवायची आणि पान तिला बांधायचं. सुतळीने पान कापलं जातं, मऊ काही हवं. शेजारच्या खुशालरावाच्या वावराच्या बांधावर पाच दगडांपुढे दहीभात आणि ओंजळभर कापूस पडलेला दिसला. इतका पांढरा कापूस जन्मात पाहिला नव्हता. मुंग्यांना दहीभात पुरे, म्हणून कापूस उचलून आणला. लहानपणी आईच्या हाताखाली देवाच्या वाती वळल्या ते आज कामी आलं. छान लांब दोर वळला. संध्याकाळी एक पान बांधून पाहिलं. झकास.

शुद्ध ८

पान ताठ! गाठ सैल सोडली तरी ताठ. नत्थुजीचं शास्त्र गेलं मुरमात. लगेच आणखी चार बांधली.

सकाळपासून उजवा अंगठा मात्र उचलत नाही. दुखत नाही, नुसता लोंबतो. वात असावा. लेखणी दोन बोटांत धरून लिहितो आहे.

शुद्ध ९

डाव्या हाताने लिहितो. अक्षर पाहून हसू नये.

उजव्या हाताची पाचही बोटं गेली. टोचलं तर कळतं, पण हलत नाहीत. पाच पानं बांधली, पाच बोटं. योगायोग. वैद्याने तेल दिलं.

खुशालरावाची बायको पार्बताबाई बांधावरून विचारत आली, सीतादहीचा कापूस कोणी नेला? वेचणीआधी वावराला दहीभात दाखवतात, पहिला कापूस तिथेच ठेवतात, त्याला कुणी शिवत नाही. मी हात पाठीमागे लपवला. ती कुंडीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “धरतीच्या तोंडातला घास होता थो, बाप्पा. काहून काढला? आता थे तुमच्यातूनच खाईन.”

एरवी याच्यावर चार टोले हाणले असते.

शुद्ध १०

सगळे दोर सोडले. दातांनी. कापूस पुन्हा दगडांपुढे ठेवला, वर दहीभात. नाक घासलं. पार्बताबाईला विचारलं, एवढ्याने भागेल ना? म्हणाली, उष्टा घास माणूस घेत नाही, धरती कशी घेईल?

शुद्ध ११

सकाळी दोर पुन्हा पानांना. माझीच गाठ. पण सहा पानांना आहे. सहावं मी बांधलं नव्हतं.

डावा अंगठा —

नत्थुजीला म्हटलं, उपटून टाक. त्याने विळा उचलला, माझ्या हाताकडे पाहिलं, खाली ठेवला. म्हणाला, मूळ छाटलं अन तुमीच पडले तं?

शुद्ध १२

गाडी केली, अकोल्याकडे निघालो. बडनेऱ्यापर्यंत. तिथे गाडीवानाने विचारलं, पंत, बोटाले कापूस काहून गुंडाळला? मी गुंडाळला नव्हता. दोन बोटांना होता. दोन्ही गेली.

परतलो. निदान झाड डोळ्यांपुढे असावं.

शुद्ध १३

नऊ पानं ताठ. एक करंगळी उरली. शाईत बुडवून लिहितो.

दहावं पान आज करंगळीचं. बघत बसलो. दोर आपोआप —

शुद्ध १४

करंगळी हलते. वाचली म्हणून हसायला गेलो —

जीभ. तोंडात पडली आहे, ओल्या चिंधीसारखी. नत्थुजीला हाक मारली. नुसता आवाज निघाला. त्याने तोंड फिरवलं. रडत असावा.

पुण्यात कित्येकांनी हीच प्रार्थना केली असेल.

पौर्णिमा

साहेब आला. झाड पाहून टाळ्या. माझी पाठ थोपटली. नोकरी पक्की म्हणाला. हात बघितले नाहीत.

दहा पानं ताठ. पण मधलं — जे कधी लोंबलं नव्हतं — ते आज कललं आहे.

बोटं झाली. जीभ झाली. मधलं कशाचं? छातीत सकाळपासून ठोका चुकतो.

साहेबाला दिसलं. दोर शोधतो आहे. नत्थुजी पाया पडतो, नको म्हणतो. साहेबाने त्याला बाजूला ढकललं. दोर कुंडीतच होता.

ओरडतो आहे. साहेब वळून हसतो. वाटतं त्याला, मी आनंदाने —

गाठ घाल