शौनकच्या नावाचं जेवण

चिखली,
२० फेब्रुवारी २००६

चि. नीरजास अनेक उत्तम आशीर्वाद.

'चि.'च्या पुढे 'सौ.' लिहायला हात सवयीने गेला होता, आवरला. तुझी तब्येत बरी असेल. आमच्याकडे आतापासूनच ऊन तापायला लागलंय. बाबांचा गुडघा तसाच आहे. तेल लावून घेत नाहीत आणि दुखतंय म्हणून दिवसभर मलाच ऐकवतात. तू फोन उचलत नाहीस, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तुझ्या जागी मीही उचलला नसता. म्हणून हे पत्र लिहायला बसले.

शनिवारी आपल्या घरी जेवण झालं. पैसे देऊन जेवायचं जेवण. डॉक्टरीणबाईंनी पुण्यात कुणाकडे तसं पाहिलं होतं. लोकांना घरी जेवायला बोलवायचं, त्यांनी जमेल ते पाकिटात घालून द्यायचं आणि ते चांगल्या कामाला लावायचं. काम होतं मुलींच्या वसतिगृहाचं. यंदा कपाशीवर लाल्या पडला, पानं लाल होऊन झाडं उभ्या उभ्या वाळली, आणि गावोगावच्या लोकांनी आधी काय केलं असेल तर पोरी शाळेतून काढल्या. वसतिगृह निम्मं रिकामं झालं. बाबा म्हणाले, आपल्याच घरी करू, शौनकच्या नावाने करू. मी हो म्हटलं. त्याच्या नावाने घरात काहीतरी होतंय, एवढंच मला दिसलं.

गंमत अशी झाली की चिखलीच्या लोकांना हा प्रकारच कळला नाही. शेजारच्या बेबीताई तर आल्या आल्या म्हणाल्या, पैसे देऊन जेवायचं म्हणजे खानावळच की हो. वकीलसाहेबांनी बाबांसाठी टॉवेल-टोपी आणली. एकीने मला खण-नारळ दिला आणि ओटी भरायला पुढे झाली. कुणाला काय काय सांगत बसणार? मी सगळं घेतलं आणि कपाटात कोंबलं. पन्नासेक माणसं होती. अंगणात पंगती, आत बायका. वांग्याची भाजी, वरण, पोळ्या, शिरा. शिरा मी केला नाही, करवून घेतला. मला गोडाला हात लावावासा वाटेना.

वसतिगृहातल्या एका मुलीच्या आईला मुद्दाम बोलावलं होतं, पाहुण्यांना कळावं की आपले पैसे कुणासाठी जाणार आहेत. ही कल्पनाही डॉक्टरीणबाईंचीच. माणसाला असं दाखवायला बोलवायचं, हे मला रुचलं नव्हतं, पण तेव्हा मी गप्प बसले. ती बाई म्हणजे दुसरबीडकडची झुंबरबाई. तू तिला पाहिलं नसशील, पण नाव ऐकलं असशील. शौनक त्याच्या कंपनीचं कपाशीचं बीटी बियाणं घेऊन त्या भागात फिरायचा तेव्हा तिच्याकडे मुक्काम करायचा. तिच्या हातच्या पिठल्याचं कौतुक करून करून त्याने मला किती चिडवलं होतं.

ती आली ती फडक्यात काहीतरी बांधून घेऊन. सरळ स्वयंपाकघरात आली, गाठोडं सोडलं. भाकरी आणि पिठलं. मी म्हटलं, अहो, तुम्ही तर आज जेवायला आलात. ती म्हणाली, "मरनाच्या घरी खाले नाही येत, बाई. घास घेऊन येतात. खबरच उशिरा लागली आमाले, मनून आज आनला."

नीरजा, आपल्या घरी कडू घास आलाच नव्हता. घरात माणूस गेलं की चूल पेटत नाही, शेजारपाजारचे, नात्यातले भाकरी घेऊन येतात आणि घरच्यांना बळेबळे चार घास खाऊ घालतात. एवढी साधी रीत. पण शौनकला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं, तिकडेच सगळं आटोपलं, आणि बाबांनी सगळ्यांना निरोप दिला की कुणी येण्याची तसदी घेऊ नका. लोक आले असते तर विचारलं असतं. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं.

तेवढ्यात बाहेर बाबांचं बोलणं सुरू झालं. तुला माहीत आहे ते कसे बोलतात, सबंध गल्लीला ऐकू जाईल असं. आमचा शौनक ऐन उमेदीत गेला, औषधाची रिअ‍ॅक्शन झाली, ईश्वरेच्छा, वगैरे. झुंबरबाई भाकरी मोडता मोडता थांबली. आपल्याकडे गावात 'औषध' म्हटलं की ताप-खोकल्याचं कुणाच्या मनात येत नाही. तिने हळूच विचारलं, "औषध घेतलं का हो त्यानं?"

मी काही बोलायच्या आत बेबीताई म्हणाल्या, "घेतलं कुठलं? दिलं. सुनेनं. भलतीच गोळी दिली अन् पोराचा घात झाला."

पुऱ्या स्वयंपाकघरात बायका होत्या. एकीलाही नवल वाटलं नाही. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं की असं बोललं जातं, फक्त मला नव्हतं. नाही, हेही खोटं. माझ्याही कानावर आलं होतं. तू माहेरी गेल्यावर महिन्याभराने आलं होतं. मी बाबांना सांगितलं, ते म्हणाले, लोक चार दिवस बोलतील आणि विसरतील. आणि तू तिकडे तोंड मिटून बसलीस, कारण तेराव्याच्या दिवशी, कुणाला काही सांगू नकोस म्हणून, त्यांनी तुझ्यापुढे हात जोडले होते. तू तुझ्या आईलाही सांगितलं नाहीस, हे मला तुझ्या भावाच्या बोलण्यावरून कळलं. पोरी, एवढा शब्द कुणी पाळतं का ग?

मी हातातली पळी ठेवली आणि म्हटलं, "नीरजानं काही दिलं नाही. त्यानं आपल्या हातानं घेतलं. कपाशीवर फवारायचं."

मोठ्याने बोलले असणार, कारण अंगणातलं बोलणं बंद झालं. बेबीताईंनी पदर तोंडाला लावला. कुणीतरी म्हणालं, जाऊ द्या, आज नको. मी म्हटलं, आजच. ती घरात नव्हतीच, वसतिगृहाच्या मुलींना शिकवायला गेली होती, आल्यावर तिने दार तोडवून घेतलं, तिनेच त्याला गाडीत घातलं. सगळं सांगितलं.

झुंबरबाई खाली बसली. ती म्हणाली, "आमी त्याले एका शब्दानं बोललो नाही, बाई. कपाशीची पराटी वाळली तरी चहाच पाजला."

तेच तर झालं ना. गावोगाव त्याने स्वतःच्या शब्दावर बियाणं दिलं होतं. शाळेतल्या सरांचा मुलगा आहे, खोटं बोलणार नाही, म्हणून लोकांनी घेतलं. कुणी चार शिव्या घातल्या असत्या तर पोरगा घरी येऊन रडला असता. लोकांनी चहा पाजला. तो चहा त्याला पचला नाही. लाल्या काही त्याने आणला नव्हता, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. आपण त्याला सांगितलं, पण आपण घरचे.

बाबा दारात उभे होते, हातात पाण्याचा रिकामा जग. मला वाटलं, आता माझ्यावर ओरडतील. एकोणतीस वर्षांत मी चारचौघांत त्यांचा शब्द खोटा पाडला नव्हता. ते आत आले, जग ओट्यावर ठेवला, आणि तो दुखरा गुडघा तसाच मुडपून झुंबरबाईसमोर जमिनीवर बसले. हात पुढे केला. तिने भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो खाल्ला. मग मलाही दिला. आम्ही दोघंही खूप रडलो, लोकांदेखत रडलो. तो गेल्यापासून बाबांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

काही पाहुणे जेवले, काही न जेवता गेले. पाकिटं वसतिगृहात पोचती केली. बेबीताई काल सकाळी आल्या होत्या, दारातच उभ्या राहिल्या. मी आत या म्हटलं नाही. पुढे कधीतरी म्हणेन, इतक्यात जमणार नाही.

बाबा या पत्राखाली दोन ओळी लिहिणार होते. पेन घेऊन बराच वेळ बसले आणि उठून गेले. म्हणाले, तूच लिही, मला तिच्याकडे पाहण्याचं तोंड नाही. त्यांना तू लगेच माफ करावंस असं मी म्हणत नाही. मला तर नाहीच.

पण चिखलीत बोलून भागलं असं नाही. बोलणं तुझ्या माहेरी, धामणगावलाही पोचलंय. तुझ्या आईला शेजारणी काय विचारत असतील, याची मला कल्पना आहे. म्हणून गुरुवारी सकाळच्या एस.टी.ने निघते आहे. तुझ्या आईवडिलांसमोर, तुझ्या गल्लीतल्या बायकांसमोर, हेच मला पुन्हा म्हणायचं आहे. तू दार उघडलं नाहीस तरी चालेल. मी बाहेर उभी राहून म्हणेन, आणि माझा आवाज आतपर्यंत येतो, हे तुला ठाऊक आहे.

तुला आता मला आई म्हणवेल की नाही, माहीत नाही. म्हणून माझ्यापुरतं खरं तेवढंच लिहिते.

तुझ्या शौनकची आई,
वासंती