खालचा ड्रॉवर

प्रिय ठेंगू,

तुझा पाळणा, तुझं अभ्यासाचं टेबल, या घराची सगळी दारं आणि स्वयंपाकघरातलं सहा ड्रॉवरांचं कपाट, एवढं मी माझ्या हातांनी केलं. बिजागऱ्या तेवढ्या विकतच्या. कुणा सुताराच्या हाताखाली शिकलो नाही. मोडकी खुर्ची खोलायची, पुन्हा जोडायची आणि उरलेला तुकडा कुठला ते शोधत बसायचं, ही माझी शाळा.

समोर बसून बोललो असतो, पण तू मध्येच तोंड उघडतेस आणि माझं राहून जातं. म्हणून हे टेबलावर ठेवतोय.

खालचा ड्रॉवर ढकलला की वरचा आपोआप इंचभर बाहेर येतो, आठवतं ना? लहानपणी तू "बाबा, आत भूत!" म्हणत आईमागे लपायचीस आणि लगेच पुन्हा ढकलायला यायचीस. भूतबित काही नाही, कोंडलेली हवा. ड्रॉवर चारही बाजूंनी नेमका बसला की हवेला पळायला फट राहत नाही, मग ती वरच्याला रेटते. ते साधेपर्यंत आईचे डबे जमिनीवर होते. "लोक कपाट करतात, हे हवा कोंडतायत," असं ती शेजारणींना सांगायची.

या गावात राहून सगळंच मिळालं असं नाही. छपराचं काम लांबतच गेलं. लोकांचे कपडे शिवून शिवून आईची पाठ धरली. तू मावसबहिणीचं दप्तर तिच्या नावासकट वापरलंस, पण मला कधी टोमणा मारला नाहीस. माझ्या इथे राहण्याचा भार तुम्ही दोघींनीही उचललात. त्याचे आभार मानायचे राहिले होते, ते आज मानतो. मला मात्र भरभरून मिळालं. बाजारात निघालो की दोन्ही बाजूंच्या घरांना मीच केलेली दारं, आणि रोज संध्याकाळी तुम्हा दोघींबरोबर जेवण.

परवा रंधा थांबला होता, म्हणून तुझं आईशी चाललेलं बोलणं कानावर आलं. "बाबांना बिचाऱ्यांना कधी कुणी बाहेर कामाला बोलावलंच नाही. एवढ्या पगारावर मीच निघून गेले तर त्यांना काय वाटेल? नाही म्हणून कळवते."

बिचारे? तो शब्द आधी मागे घे. मला बोलावलं होतं. तू सहा वर्षांची असताना परगावच्या एका फर्निचर कारखान्याच्या मालकाने आपल्या घरी येऊन हा खालचा ड्रॉवर ढकलला, वरचा बाहेर आला, आणि तो उभ्याउभ्याच म्हणाला, "चला माझ्याकडे." मी जाऊन बघून आलो. तिथे एक माणूस दिवसभर नुसत्या डाव्या फळ्या कापतो, अख्खं कपाट त्याच्या नजरेसही पडत नाही. मला ते नको होतं. मी माझ्यासाठी थांबलो, तुझ्यासाठी नाही, तेव्हा ते ओझं उगाच डोक्यावर घेऊ नकोस. तुला हवं ते काम तिथे आहे, तर तू तुझ्यासाठी जा. तुझ्या सामानाची पेटी करायला घेतलीय, कुलूप तेवढं विकतचं. आणि अर्धवट माहिती मला खपत नाही, म्हणून आकडाही सांगतो. मी तेव्हा महिन्याला अकरा हजार मिळवत होतो. तो देणार होता मुख्य कारागिराची जागा, राहायला घर आणि अठ्ठेचाळीस हजार.

तुझाच,
बाबा, बिचारा नव्हे