नानांचा उजवा हात

प्रिय गोपाल,

वीज गेल्यामुळे शेजारचे माग बंद आहेत. आपल्या लिंबायतच्या वस्तीत इतकं शांत कधी नसतं, म्हणून लिहायला बसले. फोनवर मी नानांचं नाव काढलं की तू लगेच ‘बरं, ठेवतो’ म्हणतोस.

नानांना अर्धांगाचा झटका आला आणि तू मित्राकडून तो जुना व्हिडिओ गेम घेऊन आलास, तेव्हा मी चिडले होते. माणसाची उजवी बाजू गेली आणि याला खेळ सुचतोय! दवाखान्यात त्यांना रबरी चेंडू दाबायला सांगितलं होतं. ते दाबायचेच नाहीत. तुझे वडील म्हणजे जन्मभर माग चालवलेला माणूस. ज्या मेहनतीतून कापड निघत नाही, ती त्यांना मेहनतच वाटायची नाही. आधी तू बटणांचा खेळ लावलास. बोटांना बटणंच सापडेनात, त्यांनी तोंड फिरवलं. मग तू तो हलवायचा रिमोट त्यांच्या उजव्या हातात दिलास, दोरी मनगटाला बांधलीस आणि म्हणालास, “नाना, बटणं विसरा. नुसता हात झुलवा.”

हात वीतभरच हलला. पण पडद्यावरच्या माणसाने पूर्ण हात फिरवून चेंडू सोडला आणि समोरच्या लाकडी बाटल्या धडाधड पडल्या. नाना बघतच राहिले. त्यांना काय करायचंय ते त्या खेळाने अर्ध्यामुर्ध्या हालचालीवरून ओळखलं होतं. तेवढं आम्हा कुणालाच जमलं नव्हतं रे.

रिमोट थरथरला की धागा तुटला असं वाटून त्यांचा डावा हात माग थांबवायला जायचा आणि आपण हसायचो. शेजारचे दगाकाका दारातून चिडवायचे, “काय रे निंबा, आते टीव्हीसंगे कुस्ती खेयस का?” एके दिवशी नानांनी बोबड्या जिभेने शिवी हासडली. आजारपणातली ती पहिली शिवी. मी देवापुढे साखर ठेवली.

दिवाळीनंतर तू अहमदाबादला कामावर परत गेलास. ते रोज खेळत राहिले. हात छातीपर्यंत यायला लागला, बोटं मिटायला लागली. मग पुन्हा झटका आला आणि तू पोचायच्या आत सगळं संपलं.

तेराव्यानंतर तू घरी आलेला नाहीस. काल तुझ्या बहिणीने, सोनालीने, रडत रडत कारण सांगितलं. तुझ्या खेळाने नाना दमले, म्हणून गेले, असं तू धरून बसला आहेस. अरे, डॉक्टरांना मी तेव्हाच विचारलं होतं. रक्तदाब वाढला होता, खेळाचा काही संबंध नाही म्हणाले. पण डॉक्टरांचं राहू दे. त्या दुसऱ्या झटक्यानंतर दवाखान्यात नेताना रिक्षात काय झालं, ते मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात चार माणसांसमोर त्यांनी कधी माझ्याकडे धड पाहिलंही नव्हतं. त्या दिवशी दगाकाकांच्या देखत त्यांनी माझा हात धरला, घट्ट. उजव्या हाताने. धरता येत होता, म्हणून धरला.

वाट पाहणारी, तुझीच
आई